टेप ड्राइव्हचं फर्मवेअर अपडेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एलटीओ टेप ड्राइव्ह सांभाळणाऱ्यांसाठी आहे. एचपी, आयबीएम आणि सीगेट यांनी मिळून आणलेला हा टेपचा प्रकार २००० सालापासून बाजारात आहे आणि आज बॅकअपसाठी टेप म्हटली की बहुधा हीच असते. एकटा ड्राइव्ह असो की लायब्ररीत (रोबोने टेपा चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या पेटीत) बसवलेले दहा, फर्मवेअर बदलायची वेळ आली की प्रश्न साधारण सारखेच पडतात. वर्षानुवर्षांचा डेटा त्या टेपांवर असतो, त्यामुळे हात थोडा थरथरणं साहजिक आहे.

फर्मवेअर म्हणजे ड्राइव्हमधलं नेमकं काय?

ड्राइव्हच्या आतल्या चिपमध्ये कायम राहणारा प्रोग्राम. संगणकावर बसवतो तो ड्रायव्हर वेगळा, हा वेगळा.

त्याच्यावर काय भार असतो हे कळलं की बदलाचं गांभीर्यही कळतं. एलटीओ-९ ची, म्हणजे नवव्या पिढीची, टेप अर्धा इंच रुंद आणि १०३५ मीटर लांब असते, आणि तेवढ्या रुंदीत ८९६० ट्रॅक मावतात. टेप पळत असताना हेड नेमक्या ट्रॅकवर धरून ठेवणं, वाचताना आलेल्या चुका तिथल्या तिथे दुरुस्त करणं, डेटा दाबून बसवणं, एनक्रिप्शन करणं, कार्ट्रिज आत घेणं आणि बाहेर सोडणं हे सगळं फर्मवेअर बघतं. सर्व्हरकडून डेटा हळू येत असेल तर टेपचा वेगही तेच कमी करतं. हा मेळ बसला नाही तर टेप थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे येते, आणि अशा सततच्या ये-जा करण्याने टेप आणि हेड दोन्ही झिजतात. म्हणून फर्मवेअर बदललं की ड्राइव्हचं वागणं खरोखर बदलू शकतं, चांगल्या अर्थाने आणि क्वचित वाईटही.

सगळं सुरळीत चालू आहे. तरी अपडेट करावं का?

नवी आवृत्ती आली एवढंच कारण मला पुरेसं वाटत नाही. आधी त्या आवृत्तीसोबतची बदलांची यादी वाचा. तुम्हाला येणारी अडचण त्यात असेल, उत्पादकाने ते अपडेट तातडीचं म्हटलं असेल, तुम्ही बॅकअप सॉफ्टवेअर किंवा लायब्ररी बदलणार असाल आणि त्यांच्या सुसंगत आवृत्त्यांच्या यादीत तुमची आवृत्ती नसेल, तर जरूर करा.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. ड्राइव्ह बसवल्यापासून सहा-सात वर्षं फर्मवेअरला हातच लावलेला नाही अशा ठिकाणी एखाद्या दिवशी टेप अडकते, मदत केंद्राला फोन जातो आणि पहिलाच प्रश्न येतो, "आवृत्ती कोणती आहे?" मग तिथेच अपडेट करायला सांगतात, आणि तेव्हा ड्राइव्ह आधीच आजारी असतो. वर्षातून एकदा यादी चाळावी आणि शांत दिवस बघून निर्णय घ्यावा, हे मला योग्य वाटतं.

सध्याची आवृत्ती कशी बघायची?

ड्राइव्हला त्याची ओळख विचारली की तो उत्पादकाचं नाव, मॉडेल आणि चार अक्षरांची आवृत्ती सांगतो. लिनक्सवर 'एलएसएससीएसआय' ही आज्ञा दिली की ही चार अक्षरं मॉडेलच्या नावापुढे दिसतात. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या हार्डवेअर आयडीत ती सापडतात. लायब्ररी असेल तर तिच्या वेब पानावर प्रत्येक ड्राइव्हपुढे आवृत्ती लिहिलेली असते, आणि बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअरही ती दाखवतात. अनुक्रमांकही सोबत टिपून ठेवा, पुढे लागतो.

माझ्या ड्राइव्हसाठी नेमकी कोणती फाईल?

सर्वात जास्त गफलत इथे होते. फक्त "एलटीओ-८ चं फर्मवेअर" असं शोधून भागत नाही. ड्राइव्ह पूर्ण उंचीचा आहे की अर्ध्या उंचीचा, एसएएसवर जोडला आहे की फायबर चॅनलवर (सर्व्हरला जोडायचे हे दोन प्रकार), सुटा आहे की लायब्ररीत बसवलेला, आणि तो स्वतःची ओळख कोणत्या कंपनीच्या नावाने सांगतो, हे सगळं जुळावं लागतं.

शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ड्राइव्हच्या पोटात यंत्रणा एकाच कारखान्याची असू शकते. ते कळल्यावर मूळ कारखानदाराची फाईल घालून बघायचा मोह होतो. तो टाळा. ड्राइव्ह ज्या कंपनीचं नाव सांगतो, तिच्याच संकेतस्थळावरून फाईल घ्या. काही कंपन्या त्यासाठी चालू वॉरंटी किंवा सेवा करार मागतात. तो नसेल तर अनोळखी ठिकाणाहून फाईल उचलण्यापेक्षा आहे त्या आवृत्तीवर राहिलेलं बरं.

चुकीची फाईल दिली तर ड्राइव्ह बहुतेक वेळा ती नाकारतो. टेपअलर्ट नावाच्या सूचनांमध्ये ३४ क्रमांकाची सूचना खास यासाठीच आहे : या ड्राइव्हसाठी चुकीचं फर्मवेअर वापरल्यामुळे अपडेट फसलं. ही सूचना दिसली तर घाबरू नका, पण तीच फाईल पुन्हा पुन्हा देऊन बघत बसू नका. ओळखीचे सगळे तपशील परत तपासा. फाईल उतरवताना अर्धवट आली असेल असंही असतं, तेव्हा कंपनीने चेकसम (फाईल जशीच्या तशी आहे का हे पडताळायचा आकडा) दिला असेल तर तो जुळवून घ्या.

अपडेटमुळे टेपवरचा डेटा जातो का?

नाही. फर्मवेअर ड्राइव्हच्या चिपमध्ये लिहिलं जातं, टेपला त्याचा स्पर्शही होत नाही. जुन्या टेपा नंतरही तशाच वाचल्या जातात.

डेटा जातो तो आजूबाजूच्या कामांमुळे. अपडेटसाठी उघडलेल्या त्याच साधनात ड्राइव्ह तपासणीची बटणं असतात, आणि त्यातली लिहून बघण्याची चाचणी आत असलेल्या टेपवर सरळ लिहिते. आयबीएमच्या ड्राइव्हवर पुढच्या बटणाने १ क्रमांक निवडला की चालते ती तपासणीही टेपवर लिहूनच होते. म्हणून माझा एक नियम आहे आणि तो मी कधी मोडत नाही : या कामाच्या वेळी खोलीत कोऱ्या किंवा पुसायला हरकत नसलेल्या टेपांखेरीज दुसरी टेप ड्राइव्हजवळ ठेवायची नाही. ज्या टेपा जपायच्या आहेत त्यांची लिहिण्यापासून अडवणारी कळ आधीच सरकवून ठेवायची.

अपडेटच्या आधी काय तयारी करावी?

ताजा बॅकअप पूर्ण झालेला असावा आणि तो तपासलेला असावा. त्यानंतर एखादी जुनी टेप चढवून तिच्यातल्या चार फायली परत काढून बघा आणि त्यांचे चेकसम लिहून ठेवा. हे बहुतेक जण गाळतात. पण अपडेटनंतर टेप वाचली गेली नाही, तर दोष नव्या फर्मवेअरचा की आधीपासूनचा, हे या एका नोंदीवरून कळतं. ती नसेल तर नुसता वाद उरतो.

ड्राइव्हला काही आजार असेल तर त्याच्या आतल्या नोंदी आधी उतरवून घ्या. कंपन्यांची साधनं त्यांची एक फाईल करून देतात. अपडेटनंतर ड्राइव्ह रीसेट होतो, आणि दुखण्याचा माग लावायला लागणारी माहिती तेव्हा हाताशी राहीलच याची खात्री नसते.

मग ड्राइव्ह मोकळा करा. आतली टेप काढा. एलटीएफएस (टेपवरच्या फायली डिस्कसारख्या दाखवणारी पद्धत) वापरत असाल तर ते नीट अनमाउंट करा. बॅकअप सॉफ्टवेअरच्या सेवा पूर्ण थांबवा; नुसतं 'आज रात्रीचं काम नाही' एवढं पुरत नाही, कारण ती सेवा दर थोड्या वेळाने ड्राइव्हला "तयार आहेस का?" असं विचारत राहते आणि फाईल पाठवली जात असताना तो प्रश्न मध्येच घुसतो. फायबर चॅनलवर तोच ड्राइव्ह आणखी दोन-तीन सर्व्हरना दिसत असतो. त्या सगळ्यांकडच्या सेवा थांबवायला हव्यात, आणि त्यातला एखादा सर्व्हर हमखास विसरला जातो. यादी करून एकेकावर खूण करा.

ड्राइव्ह आभासी यंत्राला (व्हर्च्युअल मशीनला) जोडून दिलेला असेल तर अपडेट शक्यतो प्रत्यक्ष सर्व्हरवरून करा. वीज यूपीएसवरून घ्या. सर्व्हरची स्वतःची अपडेट्स बसून तो आपोआप रीस्टार्ट होणार नाही ना, हेही बघा.

अपडेट करायचे मार्ग कोणते?

तीन. सर्व्हरवरून कंपनीच्या साधनाने, लायब्ररीच्या वेब पानावरून, किंवा खास फर्मवेअर टेप वापरून.

सुट्या ड्राइव्हला पहिला मार्ग उत्तम. एचपीईचं लायब्ररी अँड टेप टूल्स, आयबीएमचं आयटीडीटी, क्वांटमचं एक्सटॉक ही त्यासाठीची साधनं. ती आतून एससीएसआयची (सर्व्हर आणि ड्राइव्ह ज्या भाषेत बोलतात तिची) 'राइट बफर' ही आज्ञा वापरून फाईल ड्राइव्हकडे पाठवतात. ड्राइव्ह ती तपासतो, चिपमध्ये लिहितो आणि स्वतःच रीस्टार्ट होतो. लिनक्सवर 'एसजी३_यूटिल्स' या साधनसंचामधूनही हीच आज्ञा देता येते, पण तिथे 'ही फाईल या ड्राइव्हची नाही' असं सांगणारं मध्ये कुणी नसतं. कंपनीचं साधन चालत असेल तर तेच वापरा.

ड्राइव्ह लायब्ररीत असेल तर लायब्ररीच्या पानावरून करावं. तिला ड्राइव्हची जागा ठाऊक असते आणि अपडेट चालू असताना ती रोबोला तिकडे टेप न्यायला लावत नाही.

फर्मवेअर टेप म्हणजे काय? ती कशी वापरतात?

एखाद्या कार्ट्रिजवर बॅकअपऐवजी फर्मवेअर लिहून ठेवलेलं असतं. सर्व्हरवर साधन चालवता येत नाही किंवा एकसारखे बरेच सुटे ड्राइव्ह आहेत, अशा वेळी ती कामाला येते. आयबीएमकडे तिला एफएमआर टेप म्हणतात. ड्राइव्हच्या पुढच्या बटणाने अक्षरपट्टीवर २ आणला की अशा टेपवरून फर्मवेअर घेतलं जातं, ३ आणला की ड्राइव्ह स्वतःचं फर्मवेअर कार्ट्रिजवर लिहून नवी टेप तयार करतो, आणि ८ ने ती टेप पुन्हा साधी होते. तयार करताना कार्ट्रिजवरचं आधीचं सगळं पुसलं जातं हे विसरू नका. अशा टेपवर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावा आणि बॅकअपच्या टेपांपासून ती लांब ठेवा.

किती वेळ लागतो?

साधारण काही मिनिटं. त्यात ड्राइव्हचे दिवे लुकलुकतात आणि शेवटी तो रीस्टार्ट होतो. मध्येच शांतता वाटली तरी हात लावू नका.

एक वेगळा घोटाळा एलटीओ-९ वर होतो. कोरी करकरीत टेप पहिल्यांदा चढवली की ड्राइव्ह तिचं एकदाच होणारं मोजमाप करतो. त्याला सरासरी ४० मिनिटं आणि जास्तीत जास्त २ तास लागू शकतात. अपडेट झाल्यावर लगेच कोरी टेप घालून बघणाऱ्याला वाटतं की नव्या फर्मवेअरने ड्राइव्ह अडकला, आणि तो वीज बंद करतो. तसं करू नका. चाचणीसाठी आधी वापरलेली, पण आता पुसायला हरकत नसलेली टेप घ्या.

मध्येच वीज गेली तर?

फाईल पाठवली जात असताना गेली तर बहुधा जुनंच फर्मवेअर शाबूत असतं आणि काम पुन्हा पहिल्यापासून करता येतं. चिपमध्ये लिहिलं जात असताना गेली तर ड्राइव्ह उठणारच नाही अशी शक्यता खरी आहे, आणि मग तो कंपनीकडे पाठवण्यावाचून गत्यंतर नसतं. वीज परत आल्यावर ड्राइव्हला स्वतःची तपासणी पूर्ण करू द्या. आयबीएमच्या ड्राइव्हच्या पट्टीवर बटण न दाबता आपोआप ३ किंवा ४ दिसला तर तो फर्मवेअरकडे बोट दाखवणारा इशारा आहे. तेव्हा योग्य फाईल पुन्हा घालून बघता येते.

साधन 'अपडेट यशस्वी' म्हणतं, पण आवृत्ती जुनीच दिसते. असं का?

बऱ्याचदा ड्राइव्ह नवाच झालेला असतो आणि जुनी माहिती ऑपरेटिंग सिस्टिमने धरून ठेवलेली असते. लिनक्स ड्राइव्ह पहिल्यांदा दिसला तेव्हाची ओळख जपून ठेवतो आणि 'एलएसएससीएसआय' तीच दाखवतं. 'एसजी_इन्क' (sg_inq) ही आज्ञा थेट ड्राइव्हला विचारते, तिचं उत्तर ग्राह्य धरा. किंवा सर्व्हर रीस्टार्ट करा. तरीही जुनीच आवृत्ती आली तर ड्राइव्ह रीसेट झालेला नाही, किंवा फाईल खरोखरच नाकारली गेली आहे. साधनाच्या नोंदी वाचा.

अपडेटनंतर बॅकअप सॉफ्टवेअरला ड्राइव्ह सापडत नाही.

रीसेटमध्ये ड्राइव्ह क्षणभर नाहीसा होऊन परत येतो, आणि परत येताना लिनक्सवर त्याचं नाव 'एनएसटी०' चं 'एनएसटी१' होऊ शकतं. अनुक्रमांकावर आधारलेला कायमचा मार्ग, म्हणजे 'डेव्ह/टेप/बाय-आयडी' मधला, वापरलात तर ही डोकेदुखी कायमची जाते. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पुन्हा शोध घ्या आणि मगच बॅकअपची सेवा चालू करा.

लायब्ररीत अनेक ड्राइव्ह आहेत. सगळे एकदम करू का?

आधी एकच करा. त्यावर काही दिवस खरे बॅकअप आणि एक-दोन रिस्टोअर होऊ द्या. त्या काळात काही बिघडलं तर बाकीचे ड्राइव्ह काम चालवून नेतात. ठीक वाटलं की उरलेले उरका. अर्धे नवे, अर्धे जुने असं महिनोन् महिने ठेवू नका, कारण मग एखादी चूक कोणत्या आवृत्तीची हे शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

लायब्ररीचं स्वतःचं फर्मवेअर वेगळं असतं. दोन्ही बदलायची असतील तर आधी कोणतं, हे लायब्ररीच्या बदलांच्या यादीत दिलेलं असतं. तो क्रम पाळा.

सतत क्लीनिंगचा दिवा लागतो, लिहिताना चुका येतात. अपडेटने जाईल का?

विनाकारण क्लीनिंग मागण्याची खोड फर्मवेअरची असेल आणि बदलांच्या यादीत तसं लिहिलं असेल, तर जाईल. बहुतेक वेळा कारण साधं असतं. हेडवर धूळ बसलेली असते, टेप म्हातारी झालेली असते किंवा क्लीनिंग कार्ट्रिज संपलेलं असतं. एक क्लीनिंग कार्ट्रिज साधारण ५० वेळा चालतं, नंतर ड्राइव्ह ते घेत नाही.

दोष कुठे आहे हे शोधायची पद्धत सोपी आहे. तीच टेप दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. चूक टेपसोबत गेली तर टेप बाद करा. चूक त्याच ड्राइव्हमध्ये दुसऱ्या चांगल्या टेपवरही आली तर ड्राइव्हकडे बघा. एसएएस केबल सैल असणं किंवा ड्राइव्ह रेड कार्डाला (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाला) जोडलेला असणं हीसुद्धा नेहमीची कारणं आहेत, आणि त्यांवर कोणतंही फर्मवेअर उतारा नाही.

एनक्रिप्शनच्या किल्ल्या जातात का?

ड्राइव्हच्या तात्पुरत्या स्मृतीत असलेली किल्ली रीसेटमध्ये जाते, आणि तसंच व्हायला हवं. मूळ किल्ल्या बॅकअप सॉफ्टवेअरकडे किंवा किल्ल्या सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे असतात, तिथून त्या पुन्हा मिळतात. त्या मूळ ठिकाणाचा बॅकअप आहे का, हे मात्र या निमित्ताने बघाच. एलटीओ-४ पासून ड्राइव्ह स्वतः २५६ बिटांचं एईएस एनक्रिप्शन करतात. किल्ली हरवली तर ती टेप कुणालाही वाचता येत नाही, कंपनीलाही नाही.

नवी आवृत्ती त्रास देते. जुनीवर परत जाता येतं का?

कधी येतं, कधी ड्राइव्ह नकार देतो. बदलांच्या यादीत 'यानंतर मागे जाता येणार नाही' असा इशारा असतो, तो अपडेटच्या आधी वाचायचा असतो.

ड्राइव्ह फार जुना आहे, कंपनीने नवी आवृत्ती देणं बंद केलं आहे. काय करू?

शेवटची मिळालेली आवृत्ती घाला, फाईल आणि तिची यादी जपून ठेवा, आणि ड्राइव्ह चालू आहे तोवर जुन्या टेपांवरचा डेटा नव्या टेपांवर उतरवायला लागा. फर्मवेअरने नव्या ड्राइव्हला जुनी पिढी वाचायला शिकवता येत नाही, ती मर्यादा हेडची असते. एलटीओ-७ पर्यंत ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचायचे. एलटीओ-८ एकच पिढी मागे बघतो, म्हणजे एलटीओ-६ ची टेप त्यात चालत नाही. एलटीओ-९ चंही तेच. एलटीओ-१० आधीच्या कोणत्याच पिढीची टेप घेत नाही. 'नवा घेऊ तेव्हा बघू' असं म्हणत पेटीत पडलेल्या टेपांची मला खरोखर काळजी वाटते.

अपडेट नीट झालं हे नक्की कशावरून समजायचं?

पडद्यावरच्या 'यशस्वी' वरून समजू नका. आधी ज्या जुन्या टेपवरून चार फायली काढल्या होत्या, तीच टेप चढवा, त्याच फायली काढा आणि चेकसम जुळवा. मग पुसायच्या टेपवर काही गीगाबाइट लिहून, बाहेर काढून, परत चढवून वाचा. दोन ड्राइव्ह असतील तर नव्या फर्मवेअरने लिहिलेली टेप जुन्या फर्मवेअरच्या ड्राइव्हवर वाचून बघा. वेगही आधीसारखा आहे का, ते पाहा. त्यानंतरचे आठ-दहा दिवस रोजच्या नोंदींत चुकांचे आकडे वाढत नाहीत ना, यावर नजर ठेवा.

एवढा आग्रह का, तर फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या साधारण ०.०२ टक्के खात्यांमधली पत्रं अचानक दिसेनाशी झाली होती. कारण होतं साठवणुकीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधली चूक, आणि तिचा फटका डेटाच्या एकाहून अधिक प्रतींना बसला. गूगलने ती पत्रं टेपवरून परत आणली, कारण टेपा ऑनलाइन नव्हत्या आणि ती चूक त्यांच्यापर्यंत पोचू शकली नाही. तुमच्याकडेही तसा दिवस आला तर शेवटचा आधार हाच ड्राइव्ह असणार आहे.

नोंद काय आणि कुठे ठेवावी?

तारीख, ड्राइव्हचा अनुक्रमांक, आधीची आणि नंतरची आवृत्ती, वापरलेली फाईल, चाचणीच्या टेपचा क्रमांक आणि चेकसम जुळले की नाही. कागदी वहीत लिहा किंवा फायलीत, पण ती नोंद आणि फर्मवेअरची फाईल त्याच ड्राइव्हच्या टेपवर ठेवू नका. ड्राइव्ह बंद असेल तेव्हाच ती लागते.